टेकडीचा चढाव

दोन पालख्या एकमेकींवर धाडकन आदळल्या आणि माझा उजवा कान जागा झाला. या कानाला छपन्न सालापासून काही ऐकू येत नाही. डॉक्टरांनी केव्हाच हात टेकले. पण त्या पालखीतल्या ढोलाचा ठोका कानातून आलाच नाही, पायातून आला, छातीत शिरला, आणि तिथून वर चढला. मी सुजाताचं मनगट घट्ट धरलं. सुजाता माझी नात. जपानात नोकरी करते. यंदा हट्टानं मला घेऊन गेली, म्हणाली, आजी, बोरगाव मेघेच्या त्या दोन खोल्यांत किती दिवस बसशील, चल, तुला डोंगरावरचं एक शिंतो देवस्थान दाखवते.

पालख्या म्हणजे आपल्यासारख्या पालख्या नव्हेत. बैलगाडीएवढं लाकडी देऊळच ते, वर झळझळीत छप्पर, आत मोठा ढोल आणि ढोल बडवणारे, खाली चाळीस-पन्नास गडी. दोन गावांच्या दोन. शरदातल्या या दिवशी त्यांनी डोंगराच्या पायथ्याशी यायचं आणि एकमेकींना ठोकरायचं. जिची सरशी, ती आधी डोंगर चढणार. लाकूड तडकत होतं, ढलप्या उडत होत्या. एका पोराचं कपाळ फुटलं, रक्त डोळ्यात उतरलं. त्यानं ते बाहीनं पुसलं, हसला, आणि पुन्हा खांदा लावला. मी भर गर्दीत ओरडले, "अरे मेला ना बे तो! सोडवा ना कोनी!" कोणाला काय कळणार डोंबल!

"आजी, भांडण नाहीये ते, उत्सव आहे," सुजाता म्हणाली.

"मला नको शिकवू. असा उत्सव मी पाहिलाय."

आश्विन आला की लोकांना चांदणं आठवतं, आटवलेलं दूध आठवतं. मला काठ्या आठवतात. आमचं गाव सिंदी रेल्वेपासून बैलगाडीनं दोन तासांवर. पाऊस गेलेला असायचा आणि ऊन असं तापायचं की जणू कोणाचा सूड घेतंय. काळी जमीन भेगा पाडत सुटायची. ज्वारी माणसाच्या डोक्यावर गेलेली. माळ्यावर उभी राहून माणसं गोफण फिरवायची, आणि धोंडा लागून खाली पडलेला पोपट मी कितीदा तरी हातात घेतलाय. गरम असायचा. कापसाची पहिली बोंडं फुटायची ती दिसायला मऊ, पण वाळलेल्या बोंडाची टोकं अशी बोचरी की वेचून वेचून मायची बोटं चिरून जायची. गवत कापताना साप निघाला की दहा जण धावायचे, मेल्यावरही ठेचत राहायचे. त्या महिन्यात सगळं गाव हातात काहीतरी घेऊनच फिरायचं.

माझ्या बापाच्या हातात डफडं असायचं. मी त्याला बा म्हणायची. गावात लग्न असो, मढं असो, पोळा असो, बा पुढे आणि गाव मागे. डफडं दिसायला साधं, लाकडी कडं, त्यावर बकरीचं कातडं आणि वाजवायला दोन काड्या, पण त्याच्या तऱ्हा फार. पावसाळ्यात कातडं सैल पडतं. ते आधी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर शेकावं लागतं. घाई केली की करपतं, कमी शेकलं की बद्द बोलतं. बोटानं टिचकी मारून पाहायची, पुन्हा शेकायचं. बानं हे मला शिकवलं नव्हतं, पोरींनी डफड्याला हात लावायची रीतच नव्हती. मी नुसती पाहून शिकले, आणि तो शेतात गेला की गोठ्यात बसून हळूच वाजवायची. बाचा कान मात्र असा की दोन कोसांवरच्या गावातून आवाज आला तरी हात ओळखायचा. म्हणायचा, हा अमक्या गावचा, याचं डावं मनगट कच्चं आहे.

गावाच्या टेकडीवर देवी होती, टेकडीमाय. कोजागिरीच्या दिवशी सकाळी तिची पालखी टेकडी चढायची. नियम असा की पायथ्याशी 'चढाव' नावाची एक चाल वाजल्याशिवाय पालखी उचलायची नाही. ती चाल फक्त आमच्या घरात होती. बा वाजवत वाजवत सातव्या पायरीपर्यंत जायचा. तिथून पुढे आम्हाला मनाई. पालखी वर पोचेपर्यंत तो त्या सातव्या पायरीवर उभ्या उभ्या वाजवत राहायचा, उन्हात, नरड्याला कोरड पडेपर्यंत. पाणी मागितलं तर वरून ओंजळीत ओतायचे.

जपानातल्या त्या डोंगराच्या पायथ्याशीही पाणी होतं. दगडी डोणीत झुळझुळ वाहणारं, आणि कडेला लाकडी डाव मांडून ठेवलेले. ज्यानं यावं त्यानं डाव उचलावा, हात धुवावे, तोंड धुवावं आणि डाव तिथेच ठेवावा. मी डाव उचलला आणि मागे वळून पाहिलं. कोण येतं ओरडायला? कोणी आलं नाही. मागे एक म्हातारी उभी होती, ती माझा डाव खाली ठेवायची वाट पाहत होती. मी ठेवला, तिनं तोच उचलला. एवढीच गोष्ट. ऐंशीला टेकलेली बाई मी, छत्तीस वर्षं मास्तरीण होते, पेन्शन खाते, आणि एका डावापाशी मागे वळून पाहते. संतापच आला स्वतःचा.

मग लाकडी कमानी लागल्या, एकामागून एक, आणि उंच झाडांतून दगडी पायऱ्या. मी चढायला लागले आणि थांबले.

"दमलीस?" सुजातानं विचारलं.

दमले नव्हते. सात पायऱ्या झाल्या होत्या. मी मोजल्याही नव्हत्या, पायांनीच मोजल्या. मी पायाला मनातल्या मनात एक शिवी हासडली आणि आठवीवर ठेवला.

छपन्न सालच्या दसऱ्याला बा सिंदीहून गाडीत बसून नागपूरला दीक्षेला गेलता. आमच्या वस्तीतले सगळे बाप्ये गेलते, काही बायाही. परत आला तो पांढऱ्या सदऱ्यात, आणि चालच बदललेली. मी अकरा वर्षांची होते. एरवी मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, घरावरून जाताना बा पायातल्या वहाणा हातात घ्यायचा. त्या दिवशी घालून आला. मालगुजारी सरकारनं कधीचीच काढून घेतली होती, पण मालगुजाराचा रुबाब काढायचा राहून गेला होता. तो ओसरीवर बसून नुसता पाहत राहिला.

दुसऱ्या दिवशी वस्तीतले देव निघाले. देव्हाऱ्यातले टाक, शेंदराचे दगड, मरीमायचा मुखवटा, सगळं टोपल्यांत भरून नाल्यात नेऊन टाकलं. हळू नाही टाकलं हो, भिरकावलं. म्हाताऱ्या रडत होत्या आणि भिरकावत होत्या. घरी येऊन बानं डफडं खुंटीवरून काढलं, तोंड भिंतीकडे करून माळ्यावर ठेवलं, आणि अख्ख्या वस्तीसमोर बोलला, "आता हे वाजन नाई. म्या शब्द देल्ला."

कोजागिरीला तीन-चार दिवस उरले होते. आमच्या वस्तीपासून टेकडीचा पायथा हाकेच्या अंतरावर. मालगुजाराचा पहिला निरोप आला तो गोड होता. दुसऱ्यात शिव्या होत्या. कोजागिरीच्या सकाळी पालखी पायथ्याशी येऊन बसली, सगळं गाव जमलं, आणि चढाव वाजेना. गंमत पाहा, गावात इतके दांडगे लोक, पण एकालाही ते डफडं वाजवता येत नव्हतं. कातडं ना ते! आमच्या अंगावर काठी घातली तर विटाळ होत नव्हता, आमच्या कातड्याला बोट लागलं तर होत होता.

मग धोंडे आले. पहिल्यांदा छपरावरचं कवेलू फुटल्याचा आवाज, मग माठांचा, मग कोणाच्या तरी म्हातारीची किंकाळी. वस्ती उठली आणि ज्वारीत शिरली. ज्वारी उंच होती म्हणून माणसं वाचली. माय धाकट्याला काखेत मारून पळाली. मी मावशीसोबत आहे असं तिला वाटलं, मावशीला वाटलं मायसोबत. मी गोठ्यात बकऱ्यांमागे दबून बसले होते. बा मात्र अंगणात उभा. "म्या काय चोरी केली हाय का पळून जायाले?" एवढंच म्हणाला.

चार जण आत आले. मालगुजाराची माणसं, नावं माहीत आहेत, लिहीत नाही, त्यांची नातवंडं माझ्या हाताखाली शिकली. त्यांनी बाला आधी काठ्यांनी झोडपलं. पाठीवर, पिंढऱ्यांवर. काठी मांसावर पडते तेव्हा ओल्या कपड्यावर धोपाटणं पडल्यासारखा आवाज होतो. बा पडला. मग त्याला ओढत जात्यापाशी नेलं, उजवा हात जात्यावर दाबून धरला. शिवले, हो. घरी जाऊन आंघोळ करणारच होते.

"वाजवतं का नाई बे?"

"नाई."

वरून वरवंटा मारला. बाची तीन बोटं गेली. तो असा ओरडला की बकऱ्या दावं तोडायला लागल्या.

"वाजवतं का?"

"नाई."

"डावा काढ लेकाचा!"

डावा हात निघेना. बानं तो पोटाखाली दाबून धरला होता आणि ते लाथा घालत होते.

आता इथे मला खरं लिहायचं आहे. घाबरले, भान सुटलं आणि वाजवलं, असं मी स्वतःला फार वर्षं सांगत आले. खोटं आहे ते. डफडं भान सुटून वाजवता येत नाही. मी मागच्या भिंतीनं माळ्यावर चढले, ते काढलं, गोठ्यामागे आणलं. चुलीतला निखारा घेतला, पऱ्हाट्या पेटवल्या, आणि शेकलं. टिचकी मारली, बद्द बोललं. पुन्हा शेकलं. एवढा वेळ होता माझ्यापाशी. भिंतीपलीकडे बाप लाथा खात होता आणि मी कातडं करपू नये म्हणून डफडं फिरवत होते. मला त्याचा शब्द ठाऊक होता. अकराव्या वर्षी शब्द म्हणजे काय हे पोरीला कळतं. मला त्याचा हात पाहिजे होता, बस्स.

आणि मी चढाव वाजवला.

अंगणातला आवाज थांबला. पायथ्याशी आरोळी उठली, देवीचा जयजयकार झाला, पालखी उचलली. कोण वाजवतंय हे पायथ्यावरून कोणाला दिसत नव्हतं, आणि वाजलं म्हणजे झालं. चौघांपैकी एक भिंतीवरून डोकावला, मला पाहून फिदीफिदी हसला. "पोट्टी हाय बे!" म्हणाला. "चाल, चाल. सांगू नोको कोनाले. पोट्टीच्या वाजवन्यावर माय चढली म्हनतीन लोकं." ते गेले. मी वाजवत राहिले. पालखी वर पोचेपर्यंत वाजवायचं असतं ना.

बा भिंतीला धरून मागे आला. उजवा हात लोंबत होता, रक्त टपटप गळत होतं. मला वाटलं, जवळ घेईल. त्यानं डावा हात उचलला आणि माझ्या कानाखाली अशी वाजवली की मी जाळाच्या पलीकडे जाऊन पडले. ज्या हातासाठी मी वाजवलं, त्याच हातानं. त्यापूर्वी त्यानं मला कधी बोट लावलं नव्हतं, पुढेही नाही. मग डफडं उचलून जाळात टाकलं. कातडं जळताना जो वास येतो तो अजून माझ्या नाकात आहे.

"हात दोन होते, पोरी," तो म्हणाला. "शब्द एकच होता."

हे मी डाव्या कानानं ऐकलं.

ज्वारीतून लोक परत आले. सगळ्यांच्या अंगाला पातींचे काप. कोणीतरी चिडून विचारलं, "कोनं वाजवलं?" मी तोंड उघडणार एवढ्यात बानं माझ्याकडे असं पाहिलं की मी ते पुन्हा मिटलं.

"म्या," तो म्हणाला.

लोक फुटकी कवेलू गोळा करायला लागले. त्यानंतर बा चोवीस वर्षं जगला. पुढे वस्तीत विहार झाला, तिथे बा दाराशी बसायचा, चपलांच्या ढिगापाशी. म्होरं नाही, मधे नाही, दाराशी. गावातले लोक येता-जाता टोमणे मारायचे, "वाजवलं ना शेवटी!" बा खाली मान घालून जायचा. मी काही बोलले नाही. शाळेत जात होते, मग शिकवत होते, मग लग्न, मग पोरं. माझ्या दाखल्याच्या अर्जावर सही करायला तो डाव्या हातानं अक्षरं गिरवून शिकला. वेडीवाकडी, पण सही. अंगठा नाही लावला. ती सही पाहिली की वाटायचं, हा हात मी वाचवला. आणि लगेच वाटायचं, आणि माणूस? तो दाराशी बसलाय तो कोणामुळे? मग मी वर्गात पोरांना झोडपायची. उगाच. पट्टी मोडेस्तोवर. कुठल्या पोराचा काय दोष होता? माफी मागायला त्यातलं अर्धं गाव आता उरलं नाही.

त्या डोंगराच्या माथ्यावर मी पोचले तेव्हा घामानं निथळत होते. वर मूर्ती नव्हती. सुजातानं सांगितलं, डोंगर हाच यांचा देव. गवताच्या पेंढ्यांचा जाड दोर, त्याला पांढऱ्या कागदाच्या घड्या, आणि मागे नुसतं दाट रान. लोक वाकत होते, टाळ्या वाजवत होते. मी हात जोडले नाहीत. नागपूरचा शब्द माझाही आहे. मी प्रवासी म्हणून आले होते, प्रवाशासारखी पाहत उभी राहिले. खालून जिंकलेली पालखी येऊन टेकली. फुटल्या कपाळाचा पोरगा हरलेल्या गावच्या पोराच्या गळ्यात हात टाकून पाणी पीत होता. मला त्यांचा हेवा वाटला, आणि रागही आला. यांची मारामारी संध्याकाळी संपते.

मंडपात एक ढोल मांडलेला होता, पुरुषभर उंच. एक म्हातारा तिथे बसून येणाऱ्याला काड्या द्यायचा. लहान पोरी, बाया, कोणीही यावं, एक ठोका द्यावा. सुजातानं दिला. घुमला चांगला. मग मनगट चोळत माझ्याकडे आली आणि सहज म्हणाली, "आजी, याला तर दोन्ही हातांत जोर लागतो. पणजोबांची बोटं मोडली होती ना गं? मग त्यांनी वाजवलं कसं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मायनं नाही, भावानं नाही, अख्ख्या वस्तीनं नाही. मी तिथेच, परक्या देवाच्या दारात, पायरीवर बसले आणि तिला सगळं सांगितलं. ती रडली. मी नाही रडले. म्हाताऱ्याला वाटलं मला चक्कर आली. त्यानं पाणी आणलं, आणि नंतर अदबीनं वाकून काड्या माझ्यापुढे धरल्या.

मी घेतल्या. वजन ओळखीचं वाटलं. कोणी मारत नव्हतं, कोणी बोलावत नव्हतं, वरवंट्याखाली कोणाचा हात नव्हता. मी त्या काड्या जरा वेळ धरल्या आणि त्याच्या हातात परत दिल्या.

परत आल्यावर पहिल्या पौर्णिमेला गावी गेले. विहार आता पक्का आहे, फरशी आहे, पंखे आहेत. मास्तरीणबाई म्हणून मला नेहमी पुढे खुर्ची देतात. वंदना झाल्यावर मी उभी राहिले आणि सांगितलं. "त्या दिवशी बानं वाजवलं नाही. मी वाजवलं. तो आयुष्यभर दाराशी बसला तो माझ्यापायी." पोरं एकमेकांकडे पाहायला लागली, त्यांना काय ठाऊक! त्या दिवशी ज्वारीत लपलेलं आता एकच माणूस उरलंय, कमळाबाई. नव्वदीच्या घरातली. ती भिंतीला टेकून बसली होती.

"बस बाई खाली," ती म्हणाली. "आमाले मालूम होतं."

"काय मालूम होतं?"

"आता घ्या! डफडंवाल्याइचे लोकं आमी. तुह्या बापाचा हात आमाले ओयखू येत नाई का? ज्वारीत बसल्या बसल्याच माह्या सासऱ्यानं म्हनलं, हा बाप्याचा हात नोय, हा पोरीचा हात हाय. पयलाच ठोका कच्चा पडलता."

जन्मभर मी डफड्यावाल्याची पोर म्हणून मिरवले, आणि हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही!

"मंग त्याले दाराशी काऊन बसवलं?" मी ओरडलेच. माझी भाषाच सुटली.

"आमी कायले बसवू वं? तोच बसे. आमी हजार खेप म्हनलं, म्होरं येजो, तुनं नाई वाजवलं, आमाले मालूम हाय. तर म्हने, 'माह्या घरातून वाजलं ना? मंग म्याच वाजवलं.' आन् वरून आमाले तंबी, पोरीले कायी बोलान तं याद राखजा."

पंखा गरगरत होता. मी कमळाबाईजवळ सरकले आणि डावा कान तिच्या तोंडाशी नेला. नीट ऐकू आलं होतं, तरी म्हटलं, "काय म्हने तो? पुन्हा सांग."

कमळाबाईनं पुन्हा सांगितलं.